तिरकी बाजू उजवीकडे

७ फेब्रुवारी १९७१, रविवार. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे.

नव्या घराच्या स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसून सिंकखालच्या कपाटाच्या दाराची मापे घेत होतो. दाराच्या आतल्या अंगाला सुऱ्या खोवायची लाकडी पट्टी आहे, तिला चार खाचा आहेत. तिच्या मागून सांडपाण्याची नळी जाते. पट्टीला हात लावला तर ती ओलसर लागली. वास घेतला, बरा नव्हता. इथे चांगली सुरी ठेवली तर ती पावसाळ्याआधीच गंजेल.

एप्रिलच्या ११ तारखेला माझे लग्न आहे. म्हणजे होईल असे धरून चाललो आहे. मुलीचे नाव किनुए. देजिमा बंदरातल्या कोळ्याची एकुलती मुलगी, वय बावीस. आमच्या घंटीच्या कारखान्यातल्या फोरमनने स्थळ आणले. आम्ही तीनदा भेटलो आहोत. २१ मार्चला आई गावाहून येऊन बोलणी पक्की करणार, तोवर कोणीही नाही म्हणू शकते. फोरमन म्हणाला की मुलाकडच्यांनी नाही म्हणण्याचे काही कारण नाही. मुलीकडच्यांचे त्याने काही सांगितले नाही. हे माझ्या लक्षात राहिले.

मी नववीनंतर शाळा सोडली. सायकलच्या घंट्या वाजवून पाहण्याचे काम करतो. दिसायला बेताचा. कोळ्याच्या मुलीला देण्यासारखे माझ्याकडे काय आहे, याचा पुष्कळ विचार केला. जपानभर सुऱ्यांसाठी नावाजलेल्या साकाई गावात राहून एकच उत्तर सुचते. तिच्यासाठी मासे कापायची उत्तम सुरी घ्यायची.

९ फेब्रुवारी, मंगळवार

कामावरून सुटल्यावर सोएदाबाईंच्या दुकानात गेलो. बाई साठीच्या असाव्यात. दुकान सासऱ्यांचे, नवरा धार लावतो, बोलायचे काम बाईंकडे आहे. मी दाराबाहेर तीन फेऱ्या मारल्या. चौथीला त्या म्हणाल्या, "आत ये, इथे कापतात त्या फक्त सुऱ्या."

मी मासे कापायची सुरी मागितली. त्यांनी देबा जातीच्या तीन सुऱ्या कापडावर मांडल्या. जाड पाठीच्या, टोकदार, मॅग्नोलियाच्या लाकडाची मूठ. वापरणार कोण, असे विचारले. मी म्हणालो, होणारी बायको. तिचे हात कसे आहेत, तेही विचारले. मी म्हणालो, स्वच्छ. बाईंनी कापडाचे टोक सरळ केले. मग म्हणाल्या, "तिला घेऊन ये. चप्पल आणि सुरी दुसऱ्याच्या मापाने घेऊ नये."

मला तिला चकित करायचे आहे, हे मी सांगितले. त्यावर त्यांनी सुस्कारा सोडला आणि मधली सुरी पुढे सरकवली. २,९०० येन. हे माझ्या अंदाजापेक्षा जास्त आहे, पण पाते हातात घेतल्यावर दुसरी घ्यावीशी वाटेना.

बाईंनी सांगितलेले सगळे इथे उतरवून ठेवतो. हे पोलाद गंजते. वापरली की लगेच धुवायची, कोरडी पुसायची. काही दिवस वापरणार नसलो तर त्सुबाकी या फुलझाडाच्या बियांच्या तेलाचा हात फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळायची. खालच्या कपाटात ठेवायची नाही, भिंतीवर वारा लागेल अशी ठेवायची. पात्याची एकच बाजू तिरकी असते, दुसरी सपाट. सपाट बाजू काट्यालगत सरकते आणि मांस काट्यावर राहत नाही. सुरी हातात धरली की तिरकी बाजू उजवीकडे आली पाहिजे. या शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली आहे.

१४ फेब्रुवारी, रविवार

किनुएच्या घरी जेवायला बोलावले होते. तिचे वडील, ज्यांना मी काका म्हणतो, मोठ्याने बोलतात आणि मला आत्तापासूनच जावईबापू म्हणतात. त्यामुळे मला घाम येतो. काकू कमी बोलतात.

मासा कापायची वेळ झाली तेव्हा काकू मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. किनुए ओट्याशीच उभी होती, तरी तिने त्यांना हाक मारून आत बोलावले. मला म्हणाली, "मला कापायला नीट जमत नाही." असे खरे बोलणारी मुलगी आवडली. मात्र तिच्या डाव्या बाहीच्या काठावर खवले चिकटलेले होते आणि वाळून चमकत होते. कदाचित काकूंना मदत केली असेल.

ती फार नीट जेवते. काड्या अशा धरते, जसे आम्ही शाळेत शुद्धलेखनाच्या परीक्षेत पेन धरत असू. एकदाही काही सांडले नाही, पण तिचे जेवण सर्वांत शेवटी संपले.

भांडी ठेवायला मदत केली तेव्हा त्यांच्या सुऱ्या पाहिल्या. दोन देबा आहेत. एक ठीक. दुसरी, जी जास्त वापरातली दिसते, तिची तिरकी बाजू चक्क डावीकडे आहे! दारावर येणाऱ्या एखाद्या धारवाल्याने उलटी घासून बिघडवली असणार. एवढे अनुभवी लोक, पण संकोचाने कोणाला बोलले नसतील. मलाही बोलायचा संकोच वाटला, म्हणून मीही बोललो नाही.

१७ फेब्रुवारी, बुधवार

सोएदाबाईंकडून धारेचे दोन दगड घेतले, एक खरखरीत, एक मऊ. ८५० येन. माझी जुनी सुरी रोज घासतो आहे. शेजारी विचारतात, काय मारामारी आहे का.

२१ फेब्रुवारी, रविवार

आज एक चांगले काम केले.

सकाळी देजिमाला गेलो. काकू आणि किनुए देवळात गेल्या होत्या. काका रात्रीच्या मासेमारीवरून येऊन अंथरुणावर पडले होते. सुऱ्यांना धार लावून आणू का, असे विचारले. त्यांनी डोळे न उघडता सांगितले, "ने की. पाहिजे ती ने. मला झोपू दे फक्त." मी ती बिघडलेली घेतली.

घरी येऊन साडेदहाला बसलो, उठलो चारला. सपाट बाजू खरखरीत दगडावर घासून तिरकी केली, आणि तिरकी होती ती जमेल तेवढी सपाट केली. पाते बरेच अरुंद झाले, पण आता तिरकी बाजू उजवीकडे आहे. दोन बोटांची साले निघाली. संध्याकाळी नेऊन काकांच्या हातात दिली आणि नीट केली आहे, एवढेच म्हणालो. ते म्हणाले, "वा, जावईबापू." मग परत झोपले.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

कामावरून सुटल्यावर त्यांच्याकडे डोकावलो, कारण सुरी कशी चालते हे ऐकायचे होते. काकूंनी मला चहा दिला. सुरीविषयी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "किती मेहनत घेतलीत." हे त्यांनी दोनदा म्हटले. किनुए चहा ठेवून आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. कांदा चिरत होते, म्हणाली. कांद्याचा वास मला आला नाही, पण बंदरात माशांचा वास जबर असतो.

माझ्या मेहनतीने ती हेलावली असेल का? असे लिहायला धीर होत नाही, तरी लिहिले.

२८ फेब्रुवारी, रविवार

हेलावली नव्हती.

आज ट्रामच्या थांब्यावर भेटायचे ठरले होते. ती आली नाही. काकांनी शेजारच्या पोराबरोबर निरोप पाठवला की सर्दी झाली आहे. त्याला विचारले, ती शिंकते आहे का. तो म्हणाला, नाही.

७ मार्च, रविवार

सोएदाबाईंकडून सुरी आणली. पात्यावर तिचे नाव कोरून घेतले आहे. पुठ्ठ्याच्या पेटीत घालून, वर कागद, वर रिबन.

रात्रभर एका गोष्टीची काळजी होती. आमच्या गावी म्हणतात की सुरी भेट देऊ नये, नाते तुटते. साकाईत म्हणतात की सुरीने वाट मोकळी होते. सोएदाबाई म्हणाल्या की समोरच्याकडून पाच येनचे नाणे घ्यावे, म्हणजे ती भेट न राहता विकत घेतलेली होते, मग दोन्ही गावांचे तोंड बंद.

देऊळवाटेवरच्या बाकावर मी किनुएला पेटी दिली. तिने सुरी बाहेर काढली. आधी नाव वाचले आणि तिच्या चेहऱ्यावर असे काही आले की मला वाटले, सगळे ठीक होणार. मग तिने सुरी उलटी करून दुसरी बाजू पाहिली. मग परत पहिली. मग हळूच पेटीत ठेवली. रिबन होती तशी बांधली. म्हणाली, "फार सुंदर आहे. इतकी चांगली सुरी मला कोणी दिली नव्हती." आणि रडली.

मी लगेच पाच येन मागितले. तिने दिले. तरी तिचे रडणे थांबले नाही, म्हणजे कारण ते नव्हते.

तिने विचारले, "तुमच्या आई आल्या आणि मी त्यांना पसंत पडले नाही तर?" धीर देण्यासाठी मी सांगितले की आई मुळीच कडक नाही. तिची हौस एकच, सुनेने तिच्यासमोर एक मासा कापावा आणि तिने तो बसून पाहावा. ते ऐकून किनुएचा चेहरा पांढरा पडला.

तिला मी नको आहे. पण वडिलांना सांगता येत नाही, म्हणून आईने नाकारावे अशी वाट पाहते आहे. याशिवाय दुसरा अर्थ लागत नाही. "हिरमुसणे" हा शब्द कोशात पाहिला. बरोबर लिहितो आहे, आणि बरोबर तेच करतो आहे.

१४ मार्च, रविवार

स्पष्ट विचारायचे ठरवून देजिमाला गेलो. मागच्या दाराने गेलो, कारण पुढच्या दाराशी काका जाळे विणत होते आणि जावईबापू म्हणाले असते. खिडकीतून किनुए दिसली. माझी सुरी उजव्या हातात धरून बांगडा कापत होती. शेजारी ताटात आधीच कापलेले चार बांगडे होते. ते कापलेले म्हणवत नाहीत, त्यांना कुणी मारहाण केली होती असे दिसत होते. तिच्या डाव्या हाताच्या तीन बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. काकू शेजारी उभ्या राहून म्हणत होत्या, "अजून आठवडा आहे, जमेल."

मी तसाच परत आलो. मी मूर्ख आहे. तिला सुरीची भीती वाटते. कोळ्याच्या घरात जन्मून सुरीची भीती, म्हणून बिचारी लाजते. आणि मी तिला २,९०० येनची भीती घेऊन दिली.

पण एक कळले, तिला नाही म्हणायचे नाही. नाही म्हणायचे असते तर पाच बांगडे कोण वाया घालवील?

आईला पत्राने कळवावे का, की मासा कापण्याचा हट्ट करू नकोस? चार वेळा लिहिले, चार वेळा फाडले. आई विचारील का. मग मी काय सांगू?

२१ मार्च, रविवार

आज जे झाले ते क्रमाने लिहितो.

आई सकाळच्या गाडीने आली, पाठीवर संत्र्यांची पेटी. आमची संत्र्यांची बाग आहे आणि ती अजून स्वतः तोडणीला उभी राहते. वाटेत तिला म्हणालो, मासा राहू दे. ती म्हणाली, "का रे, मेलाय का तो?" आणि हसत बसली.

किनुएच्या घरी भेटीगाठी झाल्या, नमस्कार झाले. काकांनी पहाटे पकडलेली तांबोशी आणून दाखवली, चांगली हातभर. आईने उशी ओढून ओट्यासमोर बैठक मारली.

किनुएने माझी सुरी उजव्या हातात घेतली. कल्ल्यामागे पाते घातले. ते काट्याला लागायच्या ऐवजी मांसात वर चढले. तिने पुन्हा घातले, पुन्हा वर. काकूंनी बाही तोंडाला लावली. मी उठून म्हणणार होतो की तिला सुरीची भीती वाटते, आणि तेवढ्यात तिने सुरी खाली ठेवली.

ती आईसमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "मी डावखुरी आहे. तुमच्यापासून लपवलं. माझ्या मामेबहिणीचं ठरलेलं लग्न याच्यावरून मोडलं, म्हणून लपवलं. आता तुम्ही ठरवा."

आमच्या शाळेत असा एक मुलगा होता. गुरुजी त्याचा हात बांधून ठेवत. दोन महिन्यांनी तो उजव्या हाताने लिहायला लागला. तेव्हापासून मला वाटत असे की डावखुरेपण दुधाच्या दातांसारखे असते, शाळेत पडून जाते. मोठी माणसेही डावखुरी असतात, हे आज चोविसाव्या वर्षी कळले.

आईने चहाचा पेला खाली ठेवला. विचारले, लिहितेस कशाने? उजव्याने. जेवतेस? उजव्याने, शिकवलं तसं.

"म्हणजे उजव्या हातातून मासा तेवढा वाचला म्हणायचा," आई म्हणाली. मग काकूंकडे वळून सांगू लागली की तोडणीला बायका लावते तेव्हा एखादी डावखुरी मिळाली तर तिला चार पैसे जास्त देते. झाडाच्या एका अंगाला उजव्या हाताने पोचताच येत नाही, तिथली संत्री दरवर्षी पाखरे खातात. "सून डावखुरी मिळतेय, तीही फुकट. मी मोडीन होय? ऊठ पोरी. तुझी म्हणून जी सुरी असेल ती आण, आणि काप डाव्याने."

किनुए उठली. पट्टीतून तिने ती दुसरी सुरी काढली. मी साडेपाच तास घासलेली.

डाव्या हातात सुरी घेतल्यावर ती दुसरीच बाई दिसू लागली. खांदे उतरले, मनगट सैल झाले. पाते कल्ल्यामागे घातले आणि ते काट्यावरून घसरून बाहेर आले. तिने पुन्हा घातले, पुन्हा बाहेर.

"ही आता तशी नाही," ती हळू आवाजात म्हणाली.

आईने विचारले, काय झाले सुरीला. काका म्हणाले, "जावईबापूंनी सरळ केली," आणि त्यांना असे हसू फुटले की डोळ्यांतून पाणी आले. हसता हसताच त्यांनी सांगितले की किनुए बारा वर्षांची असताना ती सुरी त्यांनी एका लोहारमित्राकडून तिच्या हातासाठी मुद्दाम करवून घेतली होती.

मला जमिनीत शिरायचे होते. आई माझ्याकडे पाहत म्हणाली, "घंट्या तपासतोस ना रे कारखान्यात? आणि माणसाचा हात न तपासता सुरी आणलीस? दोन-दोन सुऱ्या वाया घालवल्यास. एक विकत घेऊन आणि एक फुकट."

तांबोशीचे मांस इतके फाटले होते की ती नीट कापणे आता कुणालाच शक्य नव्हते, म्हणून काकूंनी तिचे सार केले. आईने तीनदा मागून घेतले. बोलणी पक्की झाली.

ट्रामच्या थांब्यापर्यंत किनुए आली. आई मुद्दाम पुढे चालत होती. मी विचारले, सुरी परत आणून दिली त्याच दिवशी का नाही सांगितले? ती म्हणाली, "तुम्ही इतके खूश होता. आणि सांगितलं असतं तर कदाचित सुरीपाठोपाठ लग्नही गेलं असतं." मग मी तिला सांगितले की मला वाटत होते तिला मी नको आहे. आणि नंतर वाटत होते की तिला सुरीची भीती वाटते. यावर ती इतक्या मोठ्याने हसली की ट्रामवाल्याने मान बाहेर काढून पाहिले. कोळ्याच्या मुलीला, म्हणाली, सुरीची भीती! एप्रिलमध्ये लग्न झाल्यावर हे सगळ्यांत आधी बाबांना सांगणार, म्हणाली.

सांगू देत.

२३ मार्च, मंगळवार

किनुएला घेऊन सोएदाबाईंकडे गेलो. बाईंनी तिला आत येताना पाहिले, तिने छत्री कोणत्या हातात धरली आहे ते पाहिले, आणि मला म्हणाल्या, "हात स्वच्छ आहेत हं." पुढे काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

डाव्या हाताची देबा तयार नसते, मागणीवरून घडवतात, आणि किंमत दीडपट. किनुए म्हणाली, नको, फार महाग आहे. मी म्हणालो, लिहून घ्या. तिने मुठी धरून पाहिल्या, एक निवडली. दुकानातली एक सुरी डाव्या हाताने दोनदा हवेत फिरवली. दुकानात बसलेल्या बाईंच्या नवऱ्याने दगडावरून मान वर केली आणि म्हणाला, "ही पोरगी कापणार."

बिघडलेली सुरीही दाखवली. परत देबा होणार नाही, तो म्हणाला. भोपळा चिरायला चालेल.

माझी २,९०० ची सुरी परत करतो म्हणालो तर किनुए अडवायला लागली. ती ठेवायची, म्हणाली. ती सुरी आता मी वापरायची. नाव तिचे असू दे.

१८ एप्रिल, रविवार. दुपारचे दोन.

लग्न झाले. आठवडा झाला. सिंकखालची पट्टी काढून टाकली. खिडकीशेजारच्या भिंतीवर नवी लावली, वारा येतो तिथे. दोन सुऱ्या दोन टोकांना, मध्ये दोन खाचा रिकाम्या, म्हणजे घाईत चुकीची हातात येऊ नये. तरी काल माझ्या हातात तिची आली. बांगडा बिघडला. किनुए म्हणाली, आता कळलं?

ती डाव्या हाताने कापते तेव्हा मी काम सोडून पाहत बसतो. आज तिने जेवताना काड्याही डाव्या हातात घेतल्या आणि माझ्याकडे पाहिले. मी भात वाढला. आज तिचे जेवण माझ्याआधी संपले.

हिशेब.

देबा, उजव्या हाताची: २,९०० येन, दिले. नाव कोरणावळ: १५०, दिले. किनुएकडून पाच येन आले, ते वजा. धारेचे दगड: ८५०, दिले. त्सुबाकीचे तेल: १८०, दिले. पट्टीचे लाकूड आणि स्क्रू: २४०, दिले. देबा, डाव्या हाताची: ४,३५०, पैकी १,५०० दिले.

एकूण दिले ५,८१५ येन.

देणे, सोएदाबाईंचे: २,८५० येन, जूनअखेर.

देणे, किनुएचे: एक सुरी, दहा वर्षे वापरलेली, तिच्या वडिलांनी दिलेली. याची किंमत विचारली. ती पैसे घेत नाही. त्याऐवजी दर रविवारी देजिमाला जाऊन काकांसमोर बसून मी मासे साफ करायचे, असे ठरले आहे. किती रविवार, हे आज पुन्हा विचारले. ती म्हणाली, अजून मोजते आहे.